न्यायाधीशाचा मुलगा आणि वीस हजार फूट

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचन व्हायचं. २१ फेब्रुवारीला पहिला अध्याय, १९ जूनला अठरावा. बोलणारे विनोबा भावे, वय छत्तीस. ऐकणारे सत्याग्रहात पकडून आणलेले कैदी. आणि ते बोलणं उतरवून घेणारे साने गुरुजी, त्याआधी अमळनेरच्या शाळेत शिकवणारे. पुढे त्याचं ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. खान्देशात ते बऱ्याच घरांतल्या कपाटात असतं. वाचलेलं असतंच असं नाही.

पहिल्याच प्रवचनात एक न्यायाधीश येतो. त्याने आयुष्यभरात शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावलेली असते. एक दिवस खुनाच्या आरोपाखाली त्याच्यासमोर त्याचा स्वतःचाच मुलगा उभा केला जातो. गुन्हा शाबीत होतो. आणि आता न्यायाधीशमहाराजांना एकदम सुचायला लागतं की फाशी ही शिक्षाच माणुसकीला धरून नाही, तिच्यामुळे माणूस सुधारण्याची आशाच संपते, वगैरे वगैरे. विनोबांचा रोख असा, की हे ज्ञान नव्हे, हा मोह. अर्जुनाचंही तेच. तो काही अहिंसावादी झाला नव्हता. त्याआधी त्याने लढाया केल्या होत्या, माणसं मारली होती. कुरुक्षेत्रावर त्याचे हातपाय गळाले, कारण समोर आजोबा होते, गुरू होते, भाऊ होते.

ही गोष्ट गेले काही महिने माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याला कारण आहेत दुसऱ्या महायुद्धातली मोठी बॉम्बफेकी विमानं. विनोबा धुळ्यात बोलत होते त्याच वर्षी, १० नोव्हेंबरला, लंडनच्या संसदेत स्टॅन्ली बाल्डविन यांनी एक भाषण केलं. सार असं, की रस्त्यावरच्या साध्या माणसाला हवाई हल्ल्यापासून वाचवणारी कोणतीही ताकद जगात नाही. बॉम्बफेकी विमानं कशीही पोचणारच. मग बचाव एकच: शत्रूच्या बायकामुलांना त्याच्याआधी आणि त्याच्यापेक्षा जास्त संख्येने मारणं. बाल्डविन हे आनंदाने सांगत नव्हते. ते घाबरले होते. पण दहा वर्षांच्या आत ती भीती धोरण झाली.

अर्जुन कृष्णाला काय सांगतो आठवा. माझा रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये ने, कोण कोण आलंय ते मला बघू दे. सगळी गीता त्या बघण्यातून सुरू होते. आता असा योद्धा डोळ्यांपुढे आणा ज्याचा रथ वीस हजार फूट उंचीवर आहे, बाहेर काळोख आहे, खाली ढग आहेत आणि ज्याला मध्ये जाऊन बघायची सोयच नाही. त्याला विषाद होईल का? आणि नाही झाला, तर तो मोहातून सुटलेला म्हणायचा का?

* * *

आधी ते काम कसं चालायचं ते बघू, कारण नीतीच्या गप्पा मारताना यंत्र समजून घ्यायचा आपल्याला कंटाळा येतो.

ब्रिटिशांचं लँकेस्टर हे चार इंजिनांचं विमान. आत सात माणसं: पायलट, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब-एमर, वायरलेस ऑपरेटर आणि दोन गनर. नॅव्हिगेटर नकाशा, घड्याळ आणि पेन्सिल घेऊन पडद्याआड बसायचा, कारण त्याच्या दिव्याचा उजेड बाहेर दिसता कामा नये. कित्येक नॅव्हिगेटरांनी जळणारं शहर कधी डोळ्यांनी पाहिलंच नाही. बॉम्ब-एमर पुढच्या नाकात पालथा झोपायचा. शेवटच्या काही मिनिटांत विमान त्याच्या हुकमावर चालायचं, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, सरळ. पण तोही शहराला नेम धरायचा नाही. आधी पोचलेल्या पाथफाइंडर विमानांनी लाल-हिरवे जळते दिवे सोडलेले असायचे. मागून येणाऱ्या शेकडो विमानांनी त्या रंगांवर नेम धरायचा. बॉम्ब सुटले की लगेच पळायचं नाही. पाऊण मिनिटाच्या आसपास विमान सरळ रेषेत ठेवायचं, म्हणजे झगझगीत प्रकाशाचा फ्लॅश फुटतो तेव्हा खालचा फोटो नीट येतो. तो फोटो म्हणजे हजेरी. काम केलं याचा पुरावा.

भरलेल्या मालाचंही एक शास्त्र होतं. चार हजार पौंडांचा एक मोठा बॉम्ब छपरं आणि खिडक्या उडवण्यासाठी. मग चार-चार पौंडांच्या आग लावणाऱ्या कांड्या, हजारोंनी, त्या उघड्या पडलेल्या घरांत पडण्यासाठी. वारा घरातून खेळता झाला की आग चांगली लागते. चुलीसमोर बसलेल्या कुठल्याही बाईला हे सांगायची गरज नाही. २७ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गमध्ये ती आग इतकी वाढली की तिने आजूबाजूची हवाच ओढून घ्यायला सुरुवात केली. तळघरात लपलेली माणसं प्राणवायू संपून मेली. त्या एका आठवड्याच्या हल्ल्यांत पस्तीस हजारांहून जास्त माणसं गेली.

आता ती वरची सात माणसं. सरासरी वय बाविसच्या आसपास, म्हणजे तुमच्यापैकी अनेकांचं. सगळे स्वेच्छेने आलेले. तीस मोहिमा झाल्या की एक फेरी पूर्ण. पण तिसापर्यंत पोचणारे थोडे. बॉम्बर कमांडमध्ये सव्वा लाखाच्या आसपास लोक उडाले, त्यातले ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस. एखाद्याने एका रात्री मी जात नाही म्हटलं, तर त्याच्या कागदावर तीन अक्षरं पडायची, एलएमएफ. अर्थ असा की या माणसात नैतिक बळ कमी आहे. हुद्दा काढून घ्यायचे. शहर जाळायला नकार देणं म्हणजे नीतीचा अभाव, असं त्या तीन अक्षरांत लिहिलेलं आहे. अर्थात नकार देणारे बहुतेक भीतीने द्यायचे, करुणेने नव्हे. पण अधिकृत भाषेत दोन्हींना जागा एकच होती.

त्यामुळे या पोरांना खुनी म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. आणि ते शूर होते, मेले, म्हणून प्रश्नच नाही, हेही जमत नाही. शौर्य हा साहसाचा पुरावा आहे, न्यायाचा नाही. ‘आपण निमित्तमात्र’ ही सोयही त्या विमानात अगदी फिट बसते. मी फक्त दिशा मोजली. मी फक्त बटण दाबलं. मी फक्त इंजिन दुरुस्त केलं. बॉम्बर कमांडच्या मुख्यालयात फ्रीमन डायसन नावाचा एकोणीस वर्षांचा गणिती पोरगा नोकरीला होता, विमानं कमी पडावीत म्हणून आकडेमोड करणारा. पुढे जगप्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ झाला. त्याने नंतर लिहिलं, की युद्धाच्या सुरुवातीला तो हिंसेच्या पूर्ण विरोधात होता आणि एकेक पायरी खाली उतरत शेवटी त्याच्याकडे नैतिक भूमिका म्हणून काही उरलंच नाही. कोणत्याही एका पायरीवर कडेलोट नव्हता. मला हे वाक्य नोकरी करणाऱ्या कुणाच्याही डायरीत सापडेल असं वाटतं.

* * *

हे सगळं लांबचं वाटत असेल तर भुसावळला या.

वीस हजार फुटांवरून भुसावळ कसं दिसेल? तापी दिसेल. पाणी चंद्रप्रकाशात चमकतं आणि रडारच्या पडद्यावर जमिनीपासून स्पष्ट वेगळं दिसतं. हॅम्बुर्ग निवडताना नदी आणि बंदर हेच सोयीचं ठरलं होतं. मग नदीवरचा रेल्वेपूल. मुंबई, नागपूर आणि इटारसीकडे फुटणाऱ्या रुळांचं जाळं, यार्ड, लोकोशेड. दीपनगरची वीज. १९४९ पासूनची भुसावळची आयुध निर्माणी, आणि जवळच वरणगावची, जिथे बंदुकीच्या गोळ्या बनतात. बॉम्बफेकीचं नियोजन करणाऱ्या कुणाही माणसाला एवढ्या गोष्टी एका वर्तुळात मिळाल्या तर तो खूश होईल. केळीच्या बागा त्याच्या नकाशावर नसतील.

पण तो एवढ्यावर थांबणार नाही. ३० मार्च १९४२ रोजी चर्चिल यांचे शास्त्रीय सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी त्यांना एक टिपण दिलं. त्यातला हिशोब कारखान्यांचा नव्हता, घरांचा होता. एक बॉम्बर विमान आयुष्यभरात किती घरं पाडेल, किती माणसं बेघर होतील, याचा. ब्रिटनमधल्याच हल्ल्यांचा अभ्यास करून त्यांनी असा निष्कर्ष काढला होता, की मित्र किंवा नातलग मेल्यापेक्षाही घर गेल्याने माणूस जास्त खचतो. कारखाना छोटा असतो, रात्री सापडत नाही. कामगारांची वस्ती मोठी असते, सापडते. तेव्हा वस्तीच पाडा. या हिशोबात भुसावळची रेल्वे क्वार्टर्स हे लक्ष्य चुकून पडलेल्या बॉम्बचं नसेल. तेच लक्ष्य असेल.

आणि इथे मला खरंच उत्तर सुचत नाही असा एक प्रश्न आहे. वरणगावात गोळ्या तयार करणारा कामगार निष्पाप आहे का? सैनिकाच्या हातातली गोळी त्याच्याच हातून गेलेली असते. त्याच्या डब्यातली भाजी-भाकरी करणारी बायको? तिची शाळेत जाणारी मुलगी, जी मोठी होऊन कदाचित तिथेच नोकरीला लागेल? चेरवेलचा हिशोब याच साखळीवरून खाली उतरतो. साखळी कुठेतरी तोडावी लागते, आणि ती कुठे तोडायची हे तर्काने कधीच पूर्ण ठरत नाही. ते ओळखीने ठरतं. मी साखळी कामगाराच्या अलीकडेच तोडतो. भुसावळ परिसरात वाढलेल्या माणसाला ते लोक ठाऊक असतात म्हणून. म्हणजे मीही त्या न्यायाधीशाच्याच खुर्चीत आहे.

* * *

८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री बारा लँकेस्टर विमानं फ्रान्समधल्या लिमोज गावी गेली. तिथे विमानांची इंजिनं बनवणारा नोम ए रोन हा कारखाना जर्मनांसाठी काम करत होता. रात्रपाळीला शेकडो फ्रेंच कामगार, त्यात बायका बहुसंख्य. तुकडीचा प्रमुख लेनर्ड चेशायर, वय सव्वीस. त्याने आपलं चार इंजिनांचं धूड कारखान्याच्या छपरावरून अगदी खालून नेलं. बॉम्ब टाकला नाही. परत वळला, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही. खालच्या लोकांना कळलं, ते बाहेर धावले. मग चौथ्या खेपेला त्याने आग लावणारे बॉम्ब टाकून लक्ष्य दाखवलं आणि मागच्या विमानांनी कारखाना उद्ध्वस्त केला. कामगारांना पळायला वेळ मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी, ९ फेब्रुवारीला, लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल उभे राहिले आणि त्यांनी सरकारला विचारलं, की पूर्ण शहरं बेचिराख करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? बेल युद्धाच्या विरोधात नव्हते. लष्करी ठिकाणांवर बॉम्ब टाकण्याला त्यांची हरकत नव्हती. वस्त्यांना होती. सभागृहाला ते आवडलं नाही. याच भूमिकेमुळे पुढे कँटरबरीचं आर्चबिशपपद त्यांच्या हातून गेलं असं अनेक जण मानतात.

या दोन घटना लागोपाठच्या आहेत आणि मला त्या एकत्र वाचाव्याशा वाटतात. चेशायरची ती गोष्ट ऐकून आपण भारावतो. मीही भारावतो. पण एक प्रश्न लगेच येतो: असाच इशारा जर्मन कारखान्यांतल्या बायकांना का नाही? उत्तर सरळ आहे. फ्रान्स हा मित्र देश, त्याची माणसं मारणं राजकीयदृष्ट्या महाग. जर्मन शहरांवर एवढ्या खालून तीनदा फिरणं म्हणजे आत्महत्या, हेही खरं. पण धोका कमी असता तरी कुणी फिरलं असतं का? फ्रेंच बाई न्यायाधीशाचा मुलगा होती. हॅम्बुर्गची बाई ही फाइलवरची केस.

म्हणजे उंची हा खरा मुद्दा नाहीच. मी बराच काळ असं धरून चाललो होतो, आणि बरेच लोक धरतात, की वरून माणसं दिसत नाहीत म्हणून मारणं सोपं जातं. खाली आणा, चेहरा दाखवा, हात थरथरेल. थोडं खरं आहे. पण माणसाने माणसाला हातभर अंतरावरूनही मारलेलं आहे, शेजाऱ्याने शेजाऱ्याला, चेहरा नीट बघत. लिमोजला चेशायर खाली उतरला आणि त्याने माणसं वाचवली. पण खाली उतरल्यामुळे ती त्याला आपली वाटली असं नाही. ती आधीच आपली होती, म्हणून तो उतरला.

इथवर विनोबा बरोबर आहेत. इथून पुढे मला त्यांच्याशी भांडायचं आहे.

विनोबा न्यायाधीशाची दया बाजूला ठेवतात, कारण ती मोहातून आली. तर्क स्वच्छ आहे. पण फाशीविरुद्धचे त्याचे मुद्दे मुलामुळे सुचले, एवढ्यावरून ते मुद्दे चुकीचे ठरत नाहीत. माणसाला कुठलीही नैतिक गोष्ट पहिल्यांदा कळते ती घरातच. भूक म्हणजे काय हे आईच्या उपासावरून, मरण म्हणजे काय हे आजीच्या जाण्यावरून. सगळ्यांवर सारखं प्रेम करणारी, कुणाचीच नसलेली दृष्टी कुठून आणायची? ती असलीच तर वीस हजार फुटांवरची असेल. तिथून सगळे खरंच सारखे दिसतात.

बेलचंच घ्या. ब्रिटनच्या त्या सभागृहात शेकडो सज्जन माणसं असतील. मग हाच का उठला? कारण त्याचे जर्मनीत मित्र होते. हिटलरला विरोध करणाऱ्या पाद्र्यांशी त्याची वर्षानुवर्षांची मैत्री होती, पुढे नाझींनी फाशी दिलेला डीट्रिश बॉनहोफर हा त्यातलाच एक. बर्लिन किंवा हॅम्बुर्ग म्हटलं की बेलच्या डोळ्यांपुढे नकाशा येत नसे, माणसं येत. त्याला मोह होता असं म्हणा हवं तर. पण त्या मोहातून तो एक पाऊल पुढे गेला. माझे मित्र तिथे आहेत, म्हणून थांबा, असं तो म्हणाला नाही. ज्यांना मी ओळखत नाही त्यांच्यासाठीही थांबा, असं म्हणाला. न्यायाधीशाची चूक मुलावर दया करण्यात नाही. मुलगा सुटल्यावर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाचा मुलगा समोर आला, की तो परत जुना न्यायाधीश होतो, तिथे आहे. तो दुसरा दिवस त्या गोष्टीत येत नाही. मला तोच वाचायचा होता.

* * *

‘आपला’ हा शब्द मात्र फार निसरडा आहे, आणि ते कळायला युरोपात जायची गरज नाही.

अमेरिकेत बनलेलं लिबरेटर हे आणखी एक मोठं बॉम्बर. अठरा हजारांहून जास्त बनली. त्यांच्या काही तुकड्या बंगालमधल्या धावपट्ट्यांवरून ब्रह्मदेश आणि सयामवर जायच्या. लक्ष्य होतं जपान्यांनी बांधून घेतलेली चारशे किलोमीटरची रेल्वे. ती बांधणारे कोण? ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच युद्धकैदी, आणि आशियातले लाखो मजूर, ज्यांत मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ खूप होते. रुळांशेजारीच त्यांच्या छावण्या. सप्टेंबर १९४४ मध्ये नोंग प्लादुक इथे बॉम्ब यार्डावर पडले तसेच युद्धकैद्यांच्या झोपड्यांवरही पडले. मेलेले वरच्यांचे सख्खे देशबांधव होते. त्या मृत कैद्यांची नावं दफनभूमीत दगडावर आहेत. रेल्वेच्या कामावर मेलेल्या बहुतेक तमिळ मजुरांची कुठेच नाहीत. आपल्यातही एक आतलं वर्तुळ असतं.

युद्ध संपल्यावर आरएएफची बरीच लिबरेटर कानपूरला सोडून दिलेली होती. अमेरिकेकडून उसनवारीवर घेतलेली असल्याने ती कुणाच्या कामाला येऊ नयेत अशी मोडूनतोडून ठेवलेली. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या भंगारातून चाळीसच्या वर विमानं उभी केली. कानपूरला उडण्यापुरती डागडुजी करून ती बंगळूरला उडवत न्यायची आणि तिथे नीट बांधायची. जुगाड हा शब्द तेव्हा इतका चलनात असता तर याच कामाला लागला असता. १९४८ च्या नोव्हेंबरात त्यांवर भारताची पहिली बॉम्बर स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे पुण्याहून काही लिबरेटर समुद्रावर गस्त घालायची. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली. ब्रिटनच्या आरएएफ म्युझियममधलं लिबरेटर भारतीय हवाई दलानेच भेट दिलेलं आहे. ज्यांनी मोडून टाकलं त्यांनाच दुरुस्त करून परत, असा हा व्यवहार.

१८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा बॉम्बरांनी गोव्यातल्या दाबोळीची धावपट्टी फोडली. हुकूम असा होता की धावपट्टी फोडा, टर्मिनलच्या इमारतीला हात लावू नका. उद्या ते आपलंच होणार होतं. खाली राहणारे लोक आपलेच होते. बॉम्बफेक इतकी संयमी असू शकते हे तेव्हा दिसलं.

आणि सव्वाचार वर्षांनी, ५ मार्च १९६६ ला, भारतीय हवाई दलाच्या फायटर विमानांनी ऐजॉलवर हल्ला केला. मिझो बंडखोर गावात शिरले होते हे खरं. पण गाव भारतातलं होतं, माणसं भारताची होती, बाजार आणि घरं जळाली. सरकारने तेव्हा हे उघडपणे मान्य केलं नाही. मिझोराममध्ये ५ मार्च आजही पाळला जातो. आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात मी तो कधी वाचला नाही. दाबोळी आणि ऐजॉल यांच्यात कायद्याने पाहिलं तर ऐजॉल जास्त आपलं होतं. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता. पण गोव्यात आपले पाहुणे राहत होते, आडनावं ओळखीची होती, देव तेच होते. ऐजॉलला मुंबईत किंवा जळगावात कुणाचे मामा राहत नव्हते.

* * *

चेशायरचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण त्याचा धागा आपल्याकडे येतो. शंभर मोहिमा पुऱ्या करून त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा तो ब्रिटनचा निरीक्षक म्हणून दुसऱ्या विमानात होता, कित्येक मैल लांब. युद्धानंतर त्याने मरणाच्या दारातल्या, कुणी नसलेल्या एका आजारी माणसाला आपल्या घरात आणलं आणि स्वतः त्याची सेवा केली. त्यातून अपंग आणि दुर्धर आजारी माणसांसाठी चेशायर होम्स उभी राहिली. भारतातही आली, मुंबईत अंधेरीला आहे. १९५९ साली त्याचं लग्नही मुंबईतच झालं.

ही गोष्ट पश्चात्तापाची म्हणून सांगितली की टाळ्या मिळतात. अशोकाचं कलिंग आपल्याला तोंडपाठ आहे, तेच इथे चिकटवलं की झालं. पण चेशायर तसं म्हणाला नाही. नागासाकीने युद्ध संपवलं आणि म्हणून ते योग्यच होतं, असंच त्याचं मत राहिलं. हॅम्बुर्गला जळालेल्यांबद्दल आणि अंधेरीत कुशी बदलून द्याव्या लागणाऱ्या माणसाबद्दल एकच मनुष्य दोन वेगळ्या अंतरांवरून विचार करत होता, आणि त्याला त्यात विसंगती वाटत नव्हती. मला वाटते. पण अंधेरीतल्या त्या माणसाला उचलून बसवायला मी गेलेलो नाही, तोच गेला, हेही खरं.

आता तुमच्या हातातला फोन. युक्रेनच्या युद्धापासून ड्रोनमधून घेतलेले व्हिडिओ आपल्याकडे रोज येतात. वरून घेतलेलं, काळंपांढरं चित्र, मध्ये अधिकचं चिन्ह, शरीराच्या उष्णतेने पांढरा दिसणारा एक ठिपका. ठिपका पळतो. मग पडदा पांढरा होतो. मागे गाणं असतं. १९४३ मध्ये हे बघायला नाकात पालथं झोपावं लागायचं, खालून तोफा सुटायच्या आणि मरणाची शक्यता शंभरात चव्वेचाळीस असायची. आपण गादीवर पालथे झोपून बघतो. २०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षाच्या चार दिवसांत तर अर्मा ३ या गेममधले तुकडे खरे हल्ले म्हणून फिरले आणि ओळखीच्या, मायाळू माणसांनी ते ‘अजून हवं’ असं लिहून पुढे पाठवले. खेळातलं आणि खरं यांत फरक कळला नाही याचं मला फार आश्चर्य वाटत नाही. दोन्हींत ठिपका सारखाच दिसतो. आश्चर्य याचं, की खरं आहे असं समजूनच ते पाठवलं होतं.

गूगल अर्थ नवीन आलं तेव्हा जळगावच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून लोक पहिल्यांदा काय शोधायचे? ताजमहाल नाही, पिरॅमिड नाही. आपलं घर. आपली गल्ली, गच्चीवरची टाकी, समोरचं झाड. मग मामाचं गाव, मग बहिणीचं सासर. धुळ्याजवळ गोंदूरला आणि शिरपूरला विमान शिकणारी मुलं आकाशात घिरट्या घालतात. त्यांतलं एखादं मूल जवळपासचं असेल तर तेही आधी हेच शोधत असणार.

हे लिहिताना मी फोनवर हॅम्बुर्ग उघडलं आणि हॅमरब्रूक शोधलं. २७ जुलैच्या आगीत सगळ्यात जास्त जळालेली कामगारांची वस्ती ती. आता तिथे कालवे आहेत, काचेची ऑफिसं आहेत, राहती घरं फार थोडी. बोटांनी मोठं करत रस्त्यापर्यंत उतरता येतं. एका पुलाच्या कठड्यापाशी कुणीतरी उभं आहे, हातात पिशवी आहे. चेहरा गूगलने पुसट केलेला आहे.